विश्लेषण : व्हायरल व्हिडीओतला ‘टेपवर्म’ खरा की खोटा? पट्टकृमींची ओळख नेमकी कशी पटवतात?

कोबीचे पान उलटे केले जाते, त्यावर बारीकशी हिरवी अळी वळवळत असते आणि मागून आवाज येतो, ‘हाच तो मेंदूत जाणारा किडा!’ दर काही महिन्यांनी हा व्हिडीओ वेगवेगळ्या रूपांत मोबाइलवर फिरत येतो. त्याच्या जोडीला आता ‘पॅरासाइट क्लेन्स’ नावाच्या पोटशुद्धीच्या रील्स आल्या आहेत. त्यांत लांबलचक दोरीसारखे काहीतरी दाखवून ‘माझ्या पोटातून टेपवर्म पडला’ असे सांगितले जाते. अशा पोस्ट लाखो लोक पाहतात, पण दाखवलेली वस्तू पट्टकृमी आहे का आणि असल्यास कोणता, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. तो किचकट अभ्यासाचा विषय वाटत असला, तरी आजार कुठून आला, औषध कोणते द्यायचे आणि घरातल्या कोणाला धोका आहे, हे सारे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

पट्टकृमी चर्चेत का आले?

या विषयाला जगभर उजाळा मिळाला तो मे २०२४ मध्ये. अमेरिकेचे सध्याचे आरोग्यमंत्री रॉबर्ट एफ. केनेडी ज्युनियर तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार होते. मेंदूत कृमी शिरून त्याने मेंदूचा काही भाग खाल्ला आणि मग तो मेला, असे त्यांनी २०१२ साली एका न्यायालयीन जबाबात सांगितल्याचे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने प्रसिद्ध केले. दक्षिण आशियातील प्रवासात हा संसर्ग झाला असावा, असेही त्यांनी सांगितले होते. मात्र कृमी कोणता होता, हे त्यात नव्हते. वर्णनावरून तो डुकरामार्फत पसरणाऱ्या पट्टकृमीची अळी असण्याची शक्यता अनेक तज्ज्ञांनी वर्तवली आणि ही अळी मेंदू ‘खात’ नाही, हेही स्पष्ट केले. ती मेंदूत एका पुटीत, म्हणजे द्रवाने भरलेल्या छोट्या पिशवीत, बसून राहते. त्रास होतो तो मुख्यतः ती मरू लागल्यावर भोवती येणाऱ्या सुजेमुळे.

पट्टकृमी म्हणजे नेमके काय?

शाळेच्या पुस्तकात चपट्या कृमींच्या संघात प्लॅनेरिया आणि लिव्हरफ्लूकसोबत पट्टकृमीचे चित्र असते. तोच हा टेपवर्म. त्याला तोंड नाही आणि आतडेही नाही. दुसऱ्याच्या आतड्यात राहून तो तिथले पचलेले अन्न थेट त्वचेतून शोषून घेतो. बहुतेक पट्टकृमींच्या शरीराचे तीन भाग असतात. टोकाला टाचणीच्या माथ्याएवढे डोके, त्यामागे बारीक मान आणि पुढे एकामागून एक जोडलेले चपटे खंड. नवे खंड मानेपाशी तयार होतात, त्यामुळे शेपटीकडचे खंड सर्वांत जुने आणि अंड्यांनी भरलेले असतात. सहसा प्रत्येक खंडात नर आणि मादी अशी दोन्ही जननेंद्रिये असतात.

जगात पट्टकृमींच्या सुमारे पाच हजार जातींची नोंद आहे. २००८ ते २०१७ या काळात अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून त्यांची मोठी पाहणी केली. तिच्या शेवटी त्यांची १९ गणांत विभागणी मान्य करण्यात आली. यांतले बहुसंख्य पट्टकृमी मासे, पक्षी, शार्क, बेडूक, गुरेढोरे अशा प्राण्यांत राहतात. माणसाला होणारे त्यांतले अगदी थोडे आहेत.

शास्त्रीय नावाचा पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा असतो. ‘टीनिया सोलियम’ या नावात टीनिया ही प्रजाती आणि सोलियम ही जाती. एकाच प्रजातीतल्या कृमींची ठेवण सारखी असते. म्हणून आधी प्रजाती ठरवली जाते आणि मग जाती.

आधी डोके का पाहतात?

आतड्याला घट्ट धरून ठेवण्याचे काम डोके करते. वेगवेगळ्या पट्टकृमींनी त्यासाठी वेगवेगळी साधने कमावली आहेत. टीनियाच्या डोक्यावर चार वाटोळे चूषक असतात. डुकराशी संबंधित टीनिया सोलियमच्या डोक्यावर चूषकांखेरीज माथ्याच्या उंचवट्यावर हुकांच्या दोन ओळी असतात. हे हुक साधारण २२ ते ३२ भरतात. गाईगुरांशी संबंधित टीनिया सॅजिनाटाच्या डोक्यावर चूषक असतात, पण हुक नसतात. पूर्व आशियात आढळणाऱ्या टीनिया एशियाटिकाला माथ्याचा उंचवटा असतो, पण हुक नसतात किंवा नावापुरते असतात. ही तिसरी जाती १९९३ साली स्वतंत्र म्हणून नोंदवली गेली. तोवर तिला सॅजिनाटाच समजत असत.

गोड्या पाण्यातील कच्च्या माशांतून माणसात येणाऱ्या रुंद पट्टकृमीला चूषक नसतात. त्याच्या डोक्याच्या दोन बाजूंना दोन लांब खाचा असतात आणि आतड्याची घडी या खाचांत पकडून तो टिकून राहतो. कोंबड्यांतल्या रेलिएटिना या प्रजातीत माथ्यावर हातोडीच्या आकाराचे शेकडो बारीक हुक असतात. शार्क आणि पाकट यांच्या पोटातल्या एका गणात तर डोक्यातून चार काटेरी सोंडा बाहेर येतात. या गणाच्या अळ्या समुद्री मासळीच्या मांसात दिसतात आणि ‘मासळीत किडे’ म्हणून त्यांचे व्हिडीओ होतात. त्या दिसायला किळसवाण्या असल्या, तरी माणसाच्या आतड्यात घर करणारे हे कृमी नव्हेत.

डोके मिळालेच नाही तर?

रुग्णाच्या बाबतीत बहुतेकदा असेच होते. डोके आतड्याला चिकटून राहते आणि बाहेर पडतात ते फक्त खंड. अशा वेळी खंडाच्या आतली रचना पाहिली जाते. खंड दोन काचांमध्ये हलकेच दाबून सपाट करतात, मग रंगद्रव्याने रंगवतात किंवा त्याच्या जननरंध्रातून बारीक सुईने काळी शाई सोडतात. शाई गर्भाशयात पसरली की झाडाच्या फांद्यांसारखी आकृती दिसते. मधल्या खोडाला एका बाजूला फुटलेल्या मुख्य फांद्या मोजायच्या. त्या ७ ते १३ असतील तर टीनिया सोलियम आणि १२ ते ३० असतील तर टीनिया सॅजिनाटा. दोन्हींच्या सीमेवरची संख्या आली, तर फक्त फांद्यांवरून निकाल देता येत नाही.

खंडावरून प्रजातीही ओळखता येते. टीनियाच्या खंडाला एकाच कडेला जननरंध्र असते, कधी डाव्या तर कधी उजव्या. कुत्र्या-मांजरांतल्या डिपिलिडियमच्या खंडाला दोन्ही कडांना एकेक रंध्र असते. हा खंड काकडीच्या बीसारखा किंवा तांदळाच्या दाण्यासारखा दिसतो. शेळ्या-मेंढ्यांतल्या मोनीझियालाही दोन्ही कडांना रंध्रे असतात, पण त्याचे खंड लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतात आणि दोन खंडांच्या सांध्यापाशी ग्रंथींची ओळ दिसते. ही ओळ खंडाच्या पूर्ण रुंदीभर असेल तर एक जाती आणि मध्यभागी आखूड असेल तर दुसरी. रुंद पट्टकृमीत रंध्र कडेला नसून खंडाच्या मध्यावर असते आणि गर्भाशय फुलासारखा गुंडाळलेला असतो. लहान मुलांत आढळणारा बुटका पट्टकृमी जेमतेम दीड ते चार सेंटिमीटरचा असतो. त्याच्या प्रत्येक खंडात तीनच वृषण असतात.

नुसत्या अंड्यांवरून का कळत नाही?

शौचाच्या तपासणीच्या अहवालात ‘टीनियाची अंडी आढळली’ एवढेच लिहिलेले असते आणि रुग्ण गोंधळतो. यात प्रयोगशाळेची टाळाटाळ नसते. टीनिया सोलियम आणि सॅजिनाटा यांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखी दिसतात. दोन्ही गोल असतात, दोन्हींचे कवच जाड व रेघांचे असते आणि दोन्हींच्या आत सहा हुकांचा भ्रूण असतो. कुत्र्यांतल्या इकायनोकॉकसची अंडीही तशीच असतात. अंड्यांवरून प्रजातीपर्यंत किंवा कुळापर्यंत पोहोचता येते. पुढे जायचे तर खंड, डोके किंवा जनुकीय चाचणी लागते.

इतर पट्टकृमींच्या बाबतीत मात्र अंडे बरेच सांगते. बुटक्या पट्टकृमीच्या अंड्यात आतल्या आवरणाच्या दोन टोकांकडून बारीक तंतू निघतात. त्याच्याच जवळच्या, उंदरांतल्या नातेवाइकाच्या अंड्यात हे तंतू नसतात. रुंद पट्टकृमीच्या अंड्याला एका टोकाला झाकण असते. डिपिलिडियमची अंडी पुडी बांधल्यासारखी एकत्र असतात.

मग कोबीतला तो हिरवा किडा कोणता?

कोबीवर सर्वाधिक आढळणारी हिरवी अळी चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची असते. तिला डोके आहे, पाने कुरतडणारे जबडे आहेत आणि पाय आहेत. ती स्वतः चालते, पाने खाते आणि पुढे तिचा पतंग होतो. पट्टकृमीला जबडे किंवा पाय नसतात. प्रौढ पट्टकृमी यजमानाच्या आतड्याबाहेर जगू शकत नाही, त्यामुळे तो कोबीच्या पानावर राहूच शकत नाही. अळी चुकून शिजली तरी ती पोटात पचून जाते. ती मेंदूत जात नाही.

पण म्हणून कोबी आणि पट्टकृमी यांचा काहीच संबंध नाही, असेही नाही. टीनिया सोलियमचे अंडे ३० ते ३५ मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्याला न दिसणारे असते. ज्या माणसाच्या पोटात हा कृमी आहे त्याच्या शौचातून ही अंडी बाहेर पडतात. उघड्यावरचे शौच, सांडपाणी किंवा न धुतलेले हात यांतून ती कोणत्याही पालेभाजीवर, कोथिंबिरीवर, सॅलडवर किंवा पाण्यात येऊ शकतात. व्हिडीओ दिसणाऱ्या अळीकडे बोट दाखवतो, पण धोका असतो न दिसणाऱ्या अंड्याचा. कोबी सोडून कोथिंबीर कच्ची खाल्ल्याने तो टळत नाही. भाजी नीट धुणे आणि शिजवणे, शौचालय वापरणे आणि हात धुणे यानेच तो कमी होतो.

इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. डुकराचे अर्धेकच्चे मांस खाल्ले तर माणसाच्या आतड्यात प्रौढ पट्टकृमी वाढतो. मेंदूतला आजार मात्र अंडी पोटात गेल्याने होतो. अंड्यातला भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे स्नायू, डोळे किंवा मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तिथे पुटी बनवतो. म्हणून आयुष्यात मांसाला हात न लावलेल्या शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. घरात किंवा स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणाच्या तरी पोटात हा कृमी असेल, तर तेवढे पुरते. हा कृमी ज्या भागांत कायम आढळतो, तिथल्या अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तोच असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

‘दोरीसारखा कृमी’ खरा असतो का?

पोटशुद्धीच्या रील्समध्ये दिसणाऱ्या दोरीला समाजमाध्यमांवर ‘रोप वर्म’ असे नाव मिळाले आहे. शरीररचनेची कसोटी लावली की तिचा उलगडा होतो. तिला डोके नाही, चूषक नाहीत, एकसारखे खंड नाहीत, जननेंद्रिये नाहीत आणि अंडीही नाहीत. ती मुख्यतः आतड्यातला चिकट स्राव आणि आतल्या अस्तराचे सुटलेले तुकडे असतात. वारंवार एनिमा घेतल्याने किंवा जालीम चूर्णे खाल्ल्याने असे पदार्थ अधिकच बाहेर पडतात, आणि ते पाहून माणूस ‘औषध लागू पडले’ असे समजून आणखी घेतो. न पचलेल्या भाज्यांचे धागे आणि केळ्यातल्या काळसर रेषा हेही कित्येकदा कृमी म्हणून प्रयोगशाळेत येतात.

खरा पट्टकृमी बाहेर पडला तर तो सहसा पांढरट, चपटा आणि रिबिनीसारखा असतो. त्यावर ठराविक अंतराने आडव्या रेघा दिसतात. सुटे खंड असतील तर काही काळ ते स्वतः हलतानाही दिसतात. याउलट लांब, गोल, गांडुळासारखा आणि दोन्ही टोकांना निमुळता कृमी दिसला तर तो जंत, म्हणजे गोलकृमी. त्याचा पट्टकृमीशी संबंध नाही.

एकाच कृमीला दोन नावे कशी होती?

शरीररचनेवरून ओळख पटवण्याची पद्धत किती मोलाची आहे, हे एकोणिसाव्या शतकातल्या एका वादातून दिसते. डुकराच्या मांसात वाटाण्याएवढ्या पांढुरक्या पुट्या सापडत. त्या वेगळ्याच प्राण्याच्या आहेत असे मानून शास्त्रज्ञांनी त्यांना ‘सिस्टिसर्कस’ असे स्वतंत्र प्रजातीचे नाव दिले होते. माणसाच्या आतड्यातला लांब पट्टकृमी हा दुसरा प्राणी समजला जाई. पण पुटी फोडून पाहिली की आत उलटे वळलेले छोटे डोके दिसे. त्यावर चार चूषक आणि हुकांच्या दोन ओळी असत, अगदी पट्टकृमीच्या डोक्यावर असतात तशाच.

फ्रीडरिश क्युखेनमाइस्टर या जर्मन डॉक्टरने १८५०च्या दशकात हे दोन्ही एकच आहेत, हे सिद्ध करण्यासाठी आज कोणालाही मान्य होणार नाही असा प्रयोग केला. मृत्युदंड झालेल्या कैद्याला त्याच्या नकळत पुट्या असलेले मांस खाऊ घातले आणि मृत्युदंड दिल्यानंतर शवविच्छेदन केले. आतड्याला चिकटलेले कोवळे पट्टकृमी सापडले. पुटी आणि पट्टकृमी ही एकाच प्राण्याची दोन रूपे ठरली. सिस्टिसर्कस ही प्रजाती वर्गीकरणातून गेली, पण आजाराच्या ‘सिस्टिसर्कोसिस’ या नावात ती अजून टिकून आहे.

क्षयरोगाच्या गोळ्या आणि कृमीचा आजार…

भारतात या ओळखीचा थेट फटका रुग्णांना बसला आहे. सीटी स्कॅनची सोय झाल्यावर आकडी येणाऱ्या अनेक भारतीय रुग्णांच्या मेंदूत एकच छोटा, कडेने चमकणारा ठिपका दिसू लागला. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने तो ठिपका मेंदूतल्या क्षयाची गाठ समजला जाई आणि रुग्णाला अनेक महिने क्षयरोगाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. त्यातल्या बहुतांश गाठी मरत असलेल्या पट्टकृमीच्या पुट्या होत्या. क्षयाची औषधे त्या रुग्णांना गरजेचीच नव्हती.

आज एमआरआय पाहताना डॉक्टर पुटीच्या आत एक बारीक ठिपका शोधतात. तो ठिपका म्हणजे कृमीचे डोके. ते दिसले तर निदान जवळपास निश्चित होते. दीडशे वर्षांपूर्वी पुटी फोडून जे पाहिले जाई, तेच आता कवटी न उघडता पाहता येते.

कोंबड्यांमध्येही असाच घोटाळा होतो. रेलिएटिनाची एक जाती आतड्याच्या भिंतीत गाठी करते आणि त्या पक्ष्यांच्या क्षयरोगासारख्या दिसतात. आतडे उघडून कृमी पाहिला नाही, तर कुक्कुटपालकाला भलतेच निदान मिळू शकते.

नाव बदलले की उपाय का बदलतो?

टीनिया सॅजिनाटा पोटात असेल, तर त्रास बहुधा रुग्णापुरताच राहतो. टीनिया सोलियम असेल, तर रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना मेंदूच्या आजाराचा धोका असतो, त्यामुळे उपचार तातडीचे ठरतात. शिवाय पट्टकृमीवरचे प्राझिक्वान्टेल हे औषध मेंदूत आधीच पुट्या असलेल्या रुग्णाला दिले, तर पुट्या मरून सूज येऊ शकते आणि आकडी येऊ शकते. म्हणून हे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये. बुटका पट्टकृमी एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे हातावाटे थेट जातो. त्याला मध्ये डुक्कर किंवा गुरे लागत नाहीत. त्याच्यासाठी औषधाची मात्राही टीनियापेक्षा जास्त लागते. डिपिलिडियम हा पाळीव कुत्र्या-मांजरांवरच्या पिसवा गिळल्या गेल्याने मुलांना होतो, त्यामुळे मुलाबरोबर कुत्र्याच्या पिसवांवरही उपचार करावा लागतो.

इकायनोकॉकसची गोष्ट आणखी वेगळी आहे. तो अवघा काही मिलिमीटरचा आणि बहुधा तीन-चार खंडांचा असतो. तो कुत्र्याच्या आतड्यात राहतो, माणसाच्या नाही. माणसात त्याची अळी यकृतात किंवा फुप्फुसात मोठी पुटी करते, तिला हायडॅटिड म्हणतात. तपासणीसाठी घाईने सुई घातली आणि पुटीतला द्रव पोटात सांडला, तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. अशा रुग्णाच्या शौचात कितीही शोधले, तरी कृमी सापडणार नाही.

दरवर्षी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना शाळा व अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. तिचा मुख्य रोख मातीतून पसरणाऱ्या गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमींवर आहे. ती गोळी महत्त्वाची आहे. पण ‘मुलाने ती घेतली, म्हणजे पट्टकृमीही गेला’ असा अर्थ त्यातून निघत नाही.

भारतातल्या पट्टकृमींची गणती कमी का झाली?

ओळखीच्या चुका समाजमाध्यमांपुरत्या नाहीत. वर्गीकरणाच्या शास्त्रातही त्या होतात, आणि त्याचे एक टोक महाराष्ट्रात आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या मराठवाडा विद्यापीठात मासे, कोंबड्या आणि शेळ्या-मेंढ्यांतल्या पट्टकृमींच्या अभ्यासाची मोठी परंपरा आहे. तिथल्या जी. बी. शिंदे यांनी १९६८ साली मरळ कुळातल्या माशातून सर्कमऑन्कोबॉथ्रियम ही नवी प्रजाती वर्णन केली. माथ्यावरच्या हुकांच्या वर्तुळावरून तिला हे नाव मिळाले. पुढे राज्यातल्या नद्या आणि तलावांतल्या माशांतून या प्रजातीत अनेक जातींची भर पडली.

पण १९३४ साली पॅरिसच्या व्हँसेन येथील मत्स्यालयातल्या एका माशातून सेंगा नावाची प्रजाती आधीच वर्णन झाली होती. तिच्याही डोक्यावर हुकांचा मुकुट आहे. जगभरातल्या नमुन्यांची तुलना करणाऱ्या वर्गीकरणकारांनी नंतर या दोन्हींची रचना वेगळी नसल्याचे मानले. प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमानुसार जुने नाव टिकते, म्हणून सेंगा राहिले. भारतातल्या काही शोधनिबंधांत मात्र दुसरे नावही वापरात राहिले.

याहून मोठी छाटणी मांगूर माशातल्या पट्टकृमींची झाली. हे कृमी खंड नसलेल्या गणातले आहेत. संपूर्ण शरीर एकच आणि जननेंद्रियांचा एकच संच. भारत आणि आग्नेय आशियात या एका माशातून पन्नासहून अधिक जातींची नावे नोंदली गेली होती. २०११ साली भारतीय आणि युरोपीय शास्त्रज्ञांनी ताजे आणि जुने नमुने पुन्हा तपासून त्यातल्या फक्त आठच वैध मानल्या.

असे का होते? पट्टकृमी मऊ असतो. मासा मेल्यावर बऱ्याच वेळाने कृमी काढला, तर तो सडायला लागतो आणि हुक गळून पडतात. थंड द्रावणात टाकला तर आकसतो, काचेत जोरात दाबला तर डोक्याचा आकार बदलतो आणि वृषण सरकतात. एकच नमुना पाहून ‘वृषण १२० ऐवजी १५०’ एवढ्या फरकावर नवी जाती जाहीर केली, तर ती टिकत नाही, कारण एकाच जातीतल्या दोन कृमींतही तेवढा फरक असतो. नमुना संग्रहालयात ठेवला नसेल, तर पुढच्या अभ्यासकाला पडताळणीचा मार्गच उरत नाही. म्हणूनच २००० सालापासून नवी जाती जाहीर करताना मूळ नमुना ठरवणे आणि तो कुठे ठेवला आहे हे सांगणे नामकरणाच्या नियमांनी बंधनकारक केले. नावे कमी झाली म्हणून आधीची मेहनत वाया गेली असे नाही. कोणत्या माशात, कोणत्या गावी, कोणत्या हंगामात कृमी सापडला, याच्या नोंदी अजूनही उपयोगी आहेत.

डीएनए असताना शरीररचना कशाला?

डीएनएने अनेक जुने हिशेब बदलले आहेत. डोक्यावर खाचा असलेल्या सगळ्या पट्टकृमींचा पूर्वी एकच गण मानत, २००८ साली त्याचे दोन स्वतंत्र गण केले गेले. माणसातला रुंद पट्टकृमी २०१७ साली डायफिलोबॉथ्रियममधून डायबॉथ्रिओसेफॅलस या प्रजातीत गेला. महाविद्यालयीन पुस्तकांत जुनी नावे अजून आहेत, त्यामुळे विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो.

तरीही डीएनएचा उपयोग तुलनेपुरता असतो, आणि ज्या नमुन्याशी तुलना करायची त्याची ओळख आधी शरीररचनेवरूनच पटवलेली असते. ती चुकीची असेल, तर डीएनएच्या संग्रहातही चुकीचेच नाव चढते. ऑस्ट्रेलियात २०२२ साली एका महिलेच्या मेंदूतून आठ सेंटिमीटरचा जिवंत कृमी काढण्यात आला आणि २०२३ मध्ये ती बातमी जगभर गाजली. त्याची ओळख शरीररचना आणि डीएनए दोन्हींवरून पटवली गेली. तो पट्टकृमी नव्हता, अजगरात आढळणारा गोलकृमी होता.

काय करावे?

शौचात कृमीसारखे काही दिसले, तर फक्त फोटो काढून फेकून देऊ नका. हातमोजे घालून किंवा काडीने उचलून, स्वच्छ झाकणाच्या डबीत थोड्या सलाइनमध्ये ठेवा आणि लवकरात लवकर डॉक्टरांकडे न्या. उशीर होणार असेल, तर ते कसे ठेवायचे हे प्रयोगशाळेला विचारा. फोटो काढायचाच असेल, तर शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळेल. तुकडा उघड्या हाताने धरू नका, तो टीनिया सोलियमचा असेल तर त्यातली अंडी हाताला लागू शकतात. अहवालात नुसते ‘टीनिया’ लिहिले असेल, तर जाती कळू शकेल का आणि घरच्यांची तपासणी लागेल का, हे डॉक्टरांना विचारा. आणि पुढचा व्हिडीओ पाठवण्याआधी त्यातल्या किड्याकडे एकदा नीट बघा. त्याला पाय आणि जबडे दिसले, तर तो पट्टकृमी नाही.